भिंत उतरेपर्यंत

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, छातीत काही झालं की तारीख घालून लिहून ठेवा. छातीत काही झालेलं नाही. तरी लिहिते, कारण संध्याकाळ मोकळी आहे आणि मोकळ्या संध्याकाळचं काय करतात ते मला माहीत नाही.

आधी झालं काय ते. शनिवारी नर्सबरोबर सराव होता. नर्स म्हणजे आमच्या बॉक्सिंग क्लबातली मुलगी. दिवसा इस्पितळात काम करते, संध्याकाळी माझ्या हातचा मार खाते. तिसऱ्या फेरीत मी तिला दोरांवर रेटलं. पोटात दोन दिले, ती वाकली, मग कानाखाली एक. तिच्या दातांतलं रबर निसटलं आणि त्याच्यामागून रक्तमिश्रित लाळेची तार लोंबली. मला चेव चढला. खालून दादाचा आवाज येत होता (माझा भाऊ, आणि क्लबात शिकवणाराही तोच), "सोडू नको तिला. संपव." मी उजवा उचलला आणि दिवे गेले. मला वाटलं, क्लबातलेच गेले.

जाग आली ती दादाच्या थपडांनी. एक या गालावर, एक त्या. नर्स त्याचं मनगट धरून म्हणत होती, "अहो, मारताय काय, मला तिची नाडी बघू द्या." तिचं म्हणणं असं की तिनं मला हातसुद्धा लावला नव्हता.

म्हणजे मी फटका न खाता पडले. क्लबात मला सगळे 'टोला' म्हणतात. टोला आपोआप पडला, यावर आठवडाभर तरी हसतील.

त्या आठवड्यात अंगात ताप होता हे खरं. वजन उतरवायला दादानं पाणीही बंद केलं होतं आणि प्लास्टिकचा सूट घालून पळायला लावलं होतं. पण ते दर लढतीआधी असतंच.

१४ मार्च

आज छातीची सोनोग्राफी झाली. पडद्यावर हृदय दिसलं. मुठीसारखं आवळत होतं, सोडत होतं. मला उगाच अभिमान वाटला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंत जाड आहे. बाईच्या हृदयाची इतकी जाड भिंत मी सहसा बघत नाही."

दादा म्हणाला, "कमावलीय तिनं. मीच कमावून घेतलीय."

"कमावलेली असेल, नाहीतर जन्माचा आजार असेल. दोन्ही दिसायला सारखंच. आजार असेल तर जोराच्या कष्टात हृदयाचा ठेका बिघडतो आणि ते थांबू शकतं."

"मग कळायचं कसं?" मी विचारलं.

"सोडून बघायचं. कमावलेली भिंत व्यायाम थांबवला की हळूहळू उतरते. आजाराची उतरत नाही. तीन महिने पळायचं नाही, वजन उचलायचं नाही, मारामारी तर नाहीच."

"आणि औषध?"

"औषध नाही. विश्रांती हीच तपासणी आहे."

मग त्यांनी विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का. दादानं सांगितलं, वडील तापानं गेले. मी तेव्हा चार वर्षांची होते, मला ताप आठवत नाही. आई त्याआधीच गेली होती. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानंच मला वाढवलं, मूठ कशी वळायची ते त्यानंच शिकवलं. अंगठा आत घेतला तर मोडतो, हे मी अक्षरांच्या आधी शिकले.

"तुमचीही तपासणी करून घ्या," बाई त्याला म्हणाल्या.

"मी घोडा आहे," दादा म्हणाला.

जिन्यात त्यानं भिंतीवर अशी मूठ मारली की कातडी सोलली. म्हणाला, "विश्रांती म्हणजे गंज. लोखंडाला गंज चढला की भंगारातच जातं."

२३ मार्च

मी टायरच्या दुकानात कामाला आहे. ट्रकचं चाक एकटी उतरवते. मालकाला तपासणीचं सांगितलं तर त्यानं मला गल्ल्यावर बसवलं. "बस जरा माणसासारखी," म्हणाला.

आज एक गिऱ्हाईक आलं. चाक का बदललं, न विचारता का बदललं. मी समजावत होते. त्यानं टेबलावरून हात लांब करून माझ्या खांद्यावर बोट टोचलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बोट आलं तेव्हा मी ते धरलं, उलटं वळवलं आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार. बिलांवर, माझ्या बाहीवर. तो गुडघ्यांवर बसला तरी मी बोट सोडलं नव्हतं. मालकानं मागून मिठी मारून मला ओढलं.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पण एक गोष्ट लक्षात आली. रिंगमधून उतरल्यावर माझी नाडी बघता बघता खाली येते. दादा गळ्याला बोट लावून बघतो आणि खूश होतो. आज काहीच कष्ट नव्हते, नुसतं एक बोट पिरगळलं, तरी दुकान बंद होईपर्यंत छाती धडधडत होती. डॉक्टरीणबाईंना हे विचारलं पाहिजे. किंवा नको. मारामारी केली हे सांगावं लागेल.

३० मार्च

संध्याकाळी घरी असणं विचित्र आहे. इतकी वर्षं मी क्लबातून यायचे ती जेवून थेट झोपायला. आता कळतं की दादा मधेच घरी येतो, तासभर, क्लबाची दुसरी तुकडी सुरू होण्याआधी. तो आला की वहिनी रेडिओ बंद करते. मी म्हटलं, "राहू दे की, गाणं चांगलं होतं." ती म्हणाली, "त्यांना आवाज नको असतो."

वहिनी शिवणकाम करते, बारीक अंगाची आहे, हसली की हातानं तोंड झाकते. आज तिच्या डाव्या डोळ्याखाली निळं होतं. कपाटाचं दार लागलं म्हणाली.

दार लागलं की कपाळावर लागतं नाहीतर नाकावर. डोळ्याखालच्या हाडावर असा गोल डाग उजव्या हुकचा, बाजूनं फिरवून मारलेल्या ठोशाचा असतो. पण मी सगळीकडे बॉक्सिंगच बघते, हा माझा दोष आहे.

८ एप्रिल

आज क्लबात नुसती बघायला गेले. दादानं नव्या मुलीला नर्सपुढे उभं केलं. पोरीचा पहिलाच महिना. नर्सनं हात राखून मारलं तर दादा ओरडला, "दया दाखवायला इस्पितळ आहे." मग नर्सनं खरंच मारलं. पोरीची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, ती आंधळ्यासारखी हात फिरवत राहिली. दादानं घंटा वाजवली नाही. माझे हात शिवशिवत होते. पोरीला वाचवायला नाही. नर्सच्या जागी उभं राहायला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते हेच.

नंतर दादानं मला बाजूला घेतलं. मे महिन्यात डावखुरीशी लढत ठरते आहे. गेल्या वर्षी तिनं माझी बरगडी मोडली होती.

"तीन महिने झाले नाहीत," मी म्हटलं.

"डॉक्टरांचं काय जातं? त्यांना सगळे आजारीच दिसतात. अर्ध्या वेगानं सुरू कर. पहाटे पळ, कुणाला सांगायची गरज नाही."

"आणि भिंत?"

"भिंत असते ती टिकायला असते. उतरवायला कशाला निघालीस?"

मी हो म्हटलं. मला हो म्हणायचंच होतं.

१० एप्रिल

पहाटे उठले तर बूट नाहीत. पलंगाखाली नाहीत, दाराशी नाहीत. ग्लोव्हजची पिशवीही नाही. दादानं अख्खं घर उलथंपालथं केलं. वहिनी चहा करत होती, म्हणाली, "मी काही बघितलं नाही बाई." मी पुन्हा झोपले, आणि अशी झोप लागली की कामाला उशीर झाला. एवढी गाढ झोप शेवटची कधी लागली होती?

१२ एप्रिल

बूट सापडले. शिवणाच्या चिंध्यांच्या पोत्यात, तळाशी. दादानंच शोधले आणि माझ्यापुढे आणून ठेवले.

वहिनी आज उजवा हात वर उचलत नाहीये. ओट्यावरचा डबा डाव्या हातानं काढते. विचारलं तर म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. मी म्हटलं, मलम लावून देते. तिनं बाही खाली ओढली.

बूट तिथे तिनं का ठेवले असतील? बहुतेक चुकून चिंध्यांबरोबर गेले.

१३ एप्रिल

कालचं शेवटचं वाक्य वाचलं. ते खोटं आहे.

१९ एप्रिल

पहाटे पळायला जाते. म्हणजे दादाला वाटतं मी पळते. कोपरा वळला की मी चालते आणि कालव्याकाठच्या बाकावर बसते. भीती वाटते म्हणून की वहिनीनं बुटांसाठी मार खाल्ला म्हणून, नक्की सांगता येणार नाही. दादा परतल्यावर नाडी बघतो आणि म्हणतो, "बघ, कशी शांत आहे. अजून दम आहे तुझ्यात."

२५ एप्रिल

आज दादा क्लबाच्या कामानं बाहेरगावी. वहिनी आणि मी दोघीच जेवलो. मी सरळ विचारलं, "बूट का लपवलेस?"

ती ताटात बघून म्हणाली, "तुझे वडील तापानं गेले नाहीत."

मग तिनं सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी दादानं एकदा, एकदाच, तिला सांगितलं होतं. वडील त्याला पट्ट्यानं मारत होते. रोजचंच होतं ते. त्या दिवशी दादा जिन्यावरून वर पळाला, वडील मागून धावत आले, वरच्या पायरीवर त्याला गाठलं, पट्टा उगारला आणि उगारलेल्या हातानिशी खाली कोसळले. दादाला वाटलं, आपण ढकललं. त्यानं ढकललं नव्हतं. चौदा वर्षांचं पोर, तासभर प्रेताजवळ कान झाकून बसलं होतं, कारण त्याला वाटत होतं की ते उठतील आणि पुन्हा मारतील.

"हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर त्यांना स्वतःलाही तपासून घ्यावं लागलं असतं. त्यांना ते नको आहे. ते म्हणतात, बघितलं की सापडतं."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

वहिनी म्हणाली, "तुला सांगून तू कुणाचं ऐकलं असतंस, माझं की त्यांचं?"

भांडी मी घासली.

२८ एप्रिल

उभ्यानं लिहितेय, नर्सच्या खोलीत. हाताला बर्फ बांधलाय, अक्षर वाकडं येईल.

संध्याकाळी मी दादाला सांगितलं, डावखुरीशी लढणार नाही, आणि वडिलांचं डॉक्टरीणबाईंना कळवणार आहे. तो सरळ आत गेला. वहिनी ओट्याशी बटाटे चिरत होती. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं फडताळाच्या कडेवर आपटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. वर विचारलं, "तोंड उघडलंस ना?" पुन्हा आपटलं. वहिनी ओरडली नाही. तिनं फक्त सुरी लांब सरकवली, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हे मी कधी विसरणार नाही.

मी म्हटलं, "दादा, सोड."

तो वळला आणि त्यानं मला मारलं. सरावातल्यासारखं नाही. खरं. ओठ फाटला, तोंडात लोखंडाची चव. मला माहीत होतं, आता हात उचलला तर वडिलांसारखं होऊ शकतं. जिन्यावरचा तो उगारलेला हात मला अगदी स्पष्ट दिसला. आणि मी हात उचलला.

उजवा त्याच्या बरगडीत, डावा यकृतावर. तो वाकला. त्यानं माझा गळा धरला, आम्ही दोघं टेबलावर, टेबल मोडलं, मी त्याच्या मांडीत गुडघा घातला. तो उठत होता तेव्हा मी खालून वर, जबड्यावर, सगळं वजन टाकून मारलं. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. हा फटका त्यानंच शिकवलाय. तो भिंतीवरून घसरत खाली बसला, जबडा एकीकडे लोंबत होता, दोन दात मांडीवर पडले होते.

तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. खाली बसून मी आणखी मारलं. किती ते माहीत नाही. चेव होता, तोच, नर्सला दोरांवर रेटताना असतो तो. वहिनी माझ्या पाठीवर पडली, दोन्ही हातांनी माझी मान आवळली, "बस, बस, मरतील ते."

मग तिनं मला बाजूला ढकललं आणि दादाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्याच कपाळातून रक्त त्याच्या तोंडावर गळत होतं. मला म्हणाली, "जा तू इथून."

मी तिच्यासाठी मारलं, आणि ती मला जा म्हणाली.

नर्सनं नाडी धरली आहे. म्हणते, अजून घोडा पळतोय. पण पडले नाही. अजून तरी नाही.

१ मे

दादाला नेलं त्याच इस्पितळात नर्स असते, तिनं सांगितलं. दादाच्या जबड्याला तारा बांधल्या आहेत. निदान दोन महिने पातळ पदार्थ, नळीनं. पोलिसांना त्यानं कागदावर लिहून दिलं: न्हाणीघरात पाय घसरला.

नर्स हसली. मी हसले नाही.

भूल देण्याआधी त्यांनी त्याच्या हृदयाचा आलेख काढला, तो बघून सोनोग्राफी केली. त्याला तो आजार आहे. घोड्याला. वडिलांकडून आलेला. आता त्याला गोळ्या चालू आहेत; जोराचे कष्ट करायचे नाहीत आणि संताप करायचा नाही. डॉक्टर हे समजावत असताना वहिनी शेजारी उभी राहून मान डोलवत होती म्हणे.

९ मे

इस्पितळात गेले. दारातून बघितलं. वहिनी त्याला सूप पाजत होती, कपाळावर तिच्या पट्टी. थेंब हनुवटीवर सांडला की रुमालानं टिपत होती. दादानं मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. वहिनीनं चमचा ठेवला नाही. मी परत आले.

राग आला. इतका की जिना उतरताना कठडा धरावा लागला. अशी कशी बाई ती? मी जीव पणाला लावला आणि ती त्याची हनुवटी पुसते.

३ जून

दुकान, नर्सची खोली, झोप. मालक म्हणतो, माझा चेहरा भरलाय. आता सकाळी उठताना अंग दुखत नाही, तेव्हा कळलं की इतकी वर्षं ते रोज दुखत होतं. मुठी मात्र अधूनमधून वळतात, झोपेतसुद्धा. नर्स म्हणाली, परवा झोपेत मी उशीला मारत होते. तिनं तिचा पलंग खिडकीकडे सरकवलाय. हवेसाठी, म्हणाली.

३० जून

उद्या तपासणी. एप्रिलच्या भानगडीमुळे मीच तारीख दोन आठवडे पुढे घेतली होती; वडिलांचं आणि दादाच्या आजाराचं बाईंना कळवलं, भानगडीचं नाही.

१ जुलै

भिंत उतरली.

बाईंनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवून दाखवलं. हृदय तसंच आवळत होतं, सोडत होतं. मला या वेळी त्याचं सोडणंच जास्त दिसलं.

"या तीन महिन्यांत व्यायाम केलात?"

"एकदाच."

"किती वेळ?"

"जेवण करपायला लागतं तेवढा."

त्यांनी वर बघितलं, पण विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमची भिंत कमावलेली होती. पडलात ती बहुधा तापात, पाण्यावाचून, झोपेवाचून पळवलं म्हणून. हृदय कष्टानं सहसा बिघडत नाही, पण त्याला भरून यायला उसंत लागते. ती तुम्ही दिलीच नाहीत. भावाचा आजार आज तुमच्यात दिसत नाही. आज दिसत नाही म्हणजे पुढे येणारच नाही असं मी म्हणणार नाही. दर वर्षी यायचं. आणि ताप असेल त्या दिवशी रिंगमध्ये पाऊल ठेवायचं नाही."

"म्हणजे लढू शकते?"

"हृदय नाही म्हणत नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बाहेर आले तर कुणाला सांगावं ते सुचेना. आजवर प्रत्येक निकाल आधी दादाला सांगितला आहे.

६ जुलै

आज दुपारी दार वाजलं. नर्स कामावर होती. दारात वहिनी, हातात मोठी बॅग, काखेत शिवणयंत्राचं डोकं चादरीत गुंडाळलेलं. कपाळावर पांढरी रेघ राहिली आहे.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. काल तारा काढल्या. आज तो स्वतःच्या हातानं जेवला. चावून."

"मग?"

"मग निघाले. जेवता येत नसलेल्या माणसाला टाकून कसं निघायचं? आता येतं त्याला."

मला कळेना, हसावं की काय करावं. मी दोन महिने तिच्यावर दात खाऊन होते, आणि ती त्याला दात वापरता येण्याची वाट बघत होती.

"किती दिवस राहशील?" मी विचारलं.

"खोली मिळेपर्यंत. शिवणाचं काम बघून आलेय. तुझ्या मैत्रिणीला चालेल ना?"

"चालेल. आत ये, ऊन आहे." मी बॅग घ्यायला झटकन हात पुढे केला.

वहिनी मागे सरकली. एक पाऊल, आणि खांदा पुढे, हनुवटी आत. रिंगमध्ये वर्षभर शिकवूनही पोरींना असा बचाव जमत नाही. माझ्यापुढे तिनं तो घेतला. लगेच सावरली, म्हणाली, "दचकले बाई, उन्हानं." आणि कसनुसं हसली. यंत्रामुळे तोंड झाकायला हात मोकळा नव्हता.

मी हात मागे घेतले. दारातून बाजूला झाले, पार भिंतीपर्यंत, आणि दोन्ही तळवे तिला दिसतील असे भिंतीला लावून उभी राहिले.

ती थोडा वेळ थांबली. मग तिनं आधी यंत्र आत आणून टेबलावर ठेवलं, नंतर बॅग. मी हललेच नाही. ती म्हणाली, "आता दार लाव."